जावईबापूंचा हीटर

त्या गल्लीत बाइंडरकाकांना दुखावणारी माणसं पुष्कळ होती. बाइंडरकाकांनी दुखावलेला माणूस मात्र दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. जुनी पुस्तकं बांधून देणं हा त्यांचा धंदा. पानं सुटलेली, वाळवी लागलेली, पाण्यात भिजून फुगलेली पुस्तकं लोक आणून टाकत आणि काका ती मुकाट्यानं ठीक करून देत. एका वकिलांनी आपल्या जाडजूड ग्रंथाला स्वतःच्या हातानं चिकटपट्ट्या मारून त्याची पार वाट लावली होती. वर त्यांनीच विचारलं, "बरं चिकटवलंय ना मी?"

"छान चिकटवलंय," काका म्हणाले, आणि पुढचे कित्येक दिवस सुरीच्या टोकानं त्या पट्ट्या सोडवत बसले.

काकू म्हणायच्या, "अहो, एखाद्यानं तुमच्या पायावर पाय दिला, तर तुम्ही उलट त्यालाच विचाराल, लागलं नाही ना म्हणून." असं खरंच एकदा झालं होतं, त्यामुळे काका यावर काही बोलत नसत. आपल्या या स्वभावाला ते सभ्यपणा म्हणत. बाकीचे भिडस्तपणा म्हणत. खरा शब्द याहून कडक आहे, पण तो काकांच्या तोंडावर कोण बोलणार?

खाली दुकान, वर घर. घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. थंडीच्या दिवसांत तिथं असा गारठा पडायचा, की काकांची पुस्तकं चिकटवायची खळ वाटीतच घट्ट होऊन बसायची आणि काकू हातमोजे घालून भाजी चिरायच्या. इतकी वर्षं त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मग लेकीचं लग्न झालं, आणि नवे जावई जेवायला आले ते नेमके थंडीत. सासूबाई मफलर बांधून वाढताहेत हे बघून त्यांना फार वाईट वाटलं.

जावईबापू चष्मे बनवायचे. काच घासून फ्रेममध्ये बसवायची, केसाइतकी फट राहू द्यायची नाही, असं काम. त्यामुळे जगातलं कुठलंही काम नीट मोजून केलं की जमतं, अशी त्यांची खात्री होती. पुढच्याच सुट्टीला ते गॅसवर चालणारा भिंतीवरचा हीटर घेऊन हजर झाले. "एखादा माणूस बोलवायचा का बसवायला?" काकांनी भीत भीत विचारलं.

"माणूस कशाला? मी आहे ना," जावईबापू म्हणाले.

या वाक्यानंतर समंजस माणसानं घर सोडून जावं. काकांनी मात्र स्टूल धरलं.

दिवसभर जावईबापू भिंतीला भोकं पाडत होते, पट्टी लावून मोजत होते, एक डोळा मिटून ओळंबा बघत होते. हीटर बसला तो अगदी सरळ. त्याचं धुराडं, म्हणजे जळलेल्या गॅसचा धूर बाहेर नेणारा पत्र्याचा नळ, त्यांनी भिंतीतून गॅलरीत काढलं. पाऊस आत शिरू नये म्हणून त्याचं तोंड खाली वळवलं, आणि आत पाणी साचू नये म्हणून सबंध नळाला बाहेरच्या बाजूला सुरेख उतार दिला. धुराला वर जायचं असतं, हा मुद्दा तेवढा राहून गेला. शिवाय भिंतीच्या तळाशी हवेसाठी एक जाळीही बसवली, कारण हीटरबरोबर आलेल्या कागदावर तसं चित्र होतं.

संध्याकाळी निळी ज्योत पेटली. काकूंनी हात शेकले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय ऊब आहे हो!" त्या म्हणाल्या. काकाही म्हणाले, "वा! वा!" इथपर्यंत सगळं मनापासूनच होतं.

पुढे काय झालं, तर रोज रात्री जेवायला बसल्यावर त्या जाळीतून गार वारा थेट काकूंच्या पायांवर यायला लागला. जावयाला सांगायची सोयच नव्हती. पण काका बाइंडर होते. त्यांनी जाळीवर बाइंडिंगचं चांगलं जाड कापड खळ लावून ताणून बसवलं, कडा दुमडल्या, वरून भिंतीचाच रंग दिला. जाळी होती कुठे, हे हात फिरवूनही कळेना. हात लागलाच आहे म्हणून त्यांनी खिडक्यांच्या चौकटींनाही कापडी पट्ट्या लावल्या. खिडकी लावली की पुस्तक मिटल्यासारखी गप्प मिटायची. एक फट म्हणून शिल्लक उरली नाही.

आणि सुट्टीच्या दिवशी लेक-जावई यायचे, तेव्हा बरोबर याच्या उलट चालायचं. जावईबापूंचा जिना चढताना आवाज आला रे आला, की काकू धावत जाऊन सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. "काय करणार," त्या पदरानं वारा घेत म्हणायच्या, "हीटर इतका तापतो तुमचा, उकडून जीव नकोसा होतो!" काका स्वेटर काढून कोपऱ्यात टाकायचे. खिडकीतून बोचरा वारा यायचा, सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा, आणि जावईबापू, तेही अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, विचारायचे, "बाबा, काही त्रास नाही ना हीटरचा?"

"छे छे! त्रास कसला!"

"वास वगैरे?"

"नावालाही नाही!"

"उगीच भिडेपोटी नाही ना म्हणत?"

"अहो, आम्ही कसली भीड धरतो?" असं काका म्हणायचे, आणि एवढं धडधडीत खोटं बोलतानाही त्यांची मान ताठ असायची.

पाहुणे गेले की खिडक्या बंद. तासाभरात दोघांचंही डोकं दुखायला लागायचं, ते पुढच्या सुट्टीपर्यंत रोज रात्री दुखायचं, काकूंना मळमळायचं. पण त्याचं कारण काकूंनी पक्कं शोधून ठेवलं होतं. "पोर गेली की असंच होतं मला," त्या कपाळाला बाम चोळत म्हणायच्या. "आईचं काळीज आहे." काकांचंही डोकं दुखायचं, तेव्हा बापालाही काळीज असतं असं त्यांनी धरलं आणि थोडा बाम मागून घेतला. लेकीच्या मायेपायी दोघंजण अशी विषारी हवा ओढत बसायची, आणि दुसऱ्या दिवशी काकू बाजारात जाऊन आल्या की बऱ्या व्हायच्या. बाहेर फिरल्यानं मन रमतं, असं त्या शेजारणीला सांगायच्या.

हे असंच चाललं असतं, आणि कशावर येऊन थांबलं असतं ते बोलायला नको. पण पुढच्या वर्षी थंडी फारच वाढली म्हणून काकांनी एक काम दुकानातून वर आणलं. एका जाडजूड पुस्तकाच्या कातडी पुठ्ठ्यावर सोन्याच्या वर्खानं नाव उठवायचं होतं. वर्ख म्हणजे असली नाजूक चीज, की श्वास सोडला तरी उडून जातो. म्हणून काका तोंडाला रुमाल बांधून, श्वास रोखून काम करत. टेबल हीटरजवळ ओढलेलं होतं. त्यांनी कुंचल्यानं वर्खाचा तुकडा उचलला आणि तो सरळ त्यांच्या नाकावर येऊन चिकटला.

"तुम्ही फुंकलंत," काकू म्हणाल्या.

"मी श्वासच घेत नाहीये."

दुसरा तुकडाही तसाच आला. काका उठले, हीटरवर जिथून धुराडं सुरू होतं त्या फटीशी पातळ कागदाची पट्टी धरली. चुलीवरच्या धुराड्याशी कागद धरला तर तो आत ओढला जातो, हे त्यांना ठाऊक होतं. हा कागद खोलीच्या बाजूला फडफडत होता. जो धूर गॅलरीत जायला हवा होता तो सगळा त्यांच्या घरात येत होता. मग त्यांना भिंतीवरचा तपकिरी डाग दिसला, जो इतके दिवस ते सावली समजत होते. ज्योतही निळी राहिली नव्हती, पिवळी झाली होती.

नाकाला सोनं लावून काका तसेच उभे राहिले. त्यांना भीती वाटली, आणि खरी भीती स्वतःसाठी नव्हतीच. लेकीला मुलगी झाली होती. जावईबापूंना त्यांच्या दुकानानं शिकायला दुसऱ्या गावी पाठवायचं ठरवलं होतं, आणि तेवढे दिवस लेक तान्ह्या पोरीला घेऊन इथं राहायला येणार होती. कुठे निजणार होती? याच खोलीत. हीटरच्या समोर, कारण बाळाला ऊब हवी.

"जावईबापूंना सांगायला हवं," काका म्हणाले.

काकूंचा चेहरा पडला. "काय सांगणार? तुमच्या हीटरनं आम्ही मरतोय म्हणून? पोरीला तिथं नांदायचंय, अहो."

तरी काकांनी फोन लावला. मनात सगळं घोकून ठेवलं होतं. पण पलीकडून पहिलं वाक्य आलं, "काय बाबा, काय म्हणतोय आपला हीटर?"

"झकास!" काका म्हणाले, आणि हवापाण्याच्या चार गोष्टी बोलून त्यांनी फोन ठेवला.

शेवटी त्यांनी गॅस कंपनीच्या तपासणीवाल्या बाईंना बोलावलं. बाई उंचनिंच, सर्दीनं बेजार आणि बोलायला फटकळ. पाहुणं माणूस आलं म्हणून काकूंनी सवयीनं सगळ्या खिडक्या उघडल्या. बाईंनी विषारी वायू मोजायचं आपलं छोटं यंत्र पेटत्या हीटरपाशी धरलं. यंत्र गप्प. "फारसं काही दिसत नाही," बाई शिंकत म्हणाल्या. काकांना इतकं हायसं वाटलं, की ते त्यांना जिन्यापर्यंत पोचवायलाच निघाले. तेवढ्यात बाई थबकल्या. "रोज असंच खिडक्या उघड्या टाकून बसता का हो या थंडीत?"

"छे, हे तुमच्यासाठी," काकू म्हणाल्या. "कोंदट वाटायला नको."

"लावा बघू सगळ्या. रोजच्यासारख्या."

खिडक्या लागल्या. बाई खुर्चीवर बसल्या. काकूंना वाटलं, नुसतं काय बसायचं, म्हणून त्यांनी राहायला येणाऱ्या तान्ह्या नातीच्या गप्पा काढल्या. गप्पा रंगात आल्या तसं ते यंत्र असं किंचाळायला लागलं, की काकूंच्या हातातली कपबशी सांडली. बाईंनी ताडकन उठून गॅसचा कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या आणि गॅलरीत जाऊन धुराडं बघून आल्या.

"हे धुराडं आहे की मोरीचा पाइप? कुणी बसवलं हे?"

काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. "आधीपासूनच होतं," काका म्हणाले.

"आणि हवा यायला जाळी कुठंय? जाळीशिवाय असला हीटर बसवतं का कोणी?"

यावर मात्र काकांना राहवलं नाही. काही झालं तरी जावयावर नसता आळ यायला नको. "जाळी बसवलीय की त्यांनी," ते म्हणाले आणि भिंतीकडे बोट दाखवलं. बाईंनी भिंतीवर हात फिरवला, पुन्हा फिरवला, नखानं खरवडून बघितलं.

"हे कुणी केलं?"

"ते मी," काका हळूच म्हणाले. त्या आवाजात थोडासा अभिमान होता, हे कबूल करायला हवं.

"वा," बाई म्हणाल्या. "एकानं धूर आत सोडला, दुसऱ्यानं हवा बंद केली. जगलात कसे तुम्ही?" त्यांनी हीटरवर 'धोका, वापरू नये' असं छापलेला लाल कागद चिकटवला. काकूंनी तो जरा मागच्या बाजूला लावता येईल का असं विचारलं. बाईंनी तो आणखी दाबून चिकटवला. जाताना एवढंच म्हणाल्या, "तान्हं मूल यायचंय म्हणता ना? मोठ्या माणसाचं आधी डोकं तरी दुखतं. तान्ह्याला काय होतंय ते तुम्हाला कळायचंही नाही."

त्या रात्री काका जेवले नाहीत.

तरीही, आणि हे ऐकून कुणालाही संताप यावा, त्यांनी जावयाला सांगितलं नाहीच. दोघांनी मिळून असा बेत केला: जावईबापू पोरीला सोडायला येतील, चहा घेतील, गाडी पकडतील. तेवढ्यापुरतं त्यांना काही कळू द्यायचं नाही. ते गेले की लेकीला सांगू, शेजारणीचा विजेचा हीटर आणू. काकूंनी लाल कागदावर क्रोशाचा रुमाल घातला, वर फुलदाणी ठेवली. गंजक्या डब्यासारखा दिसणारा तो हीटर एकदम नवरीसारखा सजला.

लेक आणि जावई दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आले. सवयीनं खिडक्या सताड उघड्या, हीटर बंद, आणि बाहेर असा गारठा की बोलताना तोंडातून वाफ निघावी. "काय उकडतंय!" काकू म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते. "सकाळपासून इतका तापला होता हीटर, की शेवटी बंद केला."

"अजून ऊब आहे बघा खोलीत," काका म्हणाले. त्यांचं नाक निळं पडलं होतं.

जावईबापू खूश झाले. लेक मात्र आईकडे संशयानं बघत होती. "आई, तू थरथरतेयस का?"

"आनंदानं गं," काकू म्हणाल्या.

बाळ सहा पदरी गुंडाळलेलं होतं. त्याचं तेवढं लालबुंद नाक बाहेर दिसत होतं. जावईबापूंनी घड्याळ काढलं तेव्हा काकांच्या जिवात जीव आला. पण जावईबापू म्हणाले, "माझी गाडी आता उद्या सकाळची आहे. म्हटलं, आजचा दिवस सगळ्यांबरोबर राहावं."

काकूंनी चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

"आणि खिडक्या लावून घेऊ या," जावईबापू उठत म्हणाले. "तुम्हाला उकडतं ते ठीक, पण बाळाला बाधेल." एकेक करत त्यांनी खिडक्या मिटल्या. त्या आपल्या गप्प मिटल्या. "किती घट्ट बसतात हो! बाबा, तुम्ही पट्ट्या लावल्यात? फारच सुबक. आता जरा हीटर लावला की झालं." लेकीनं तोवर बाळाला हीटरसमोरच्या गादीवर ठेवलंही होतं.

काकू काकांच्या कानाशी लागल्या. "लावू दे त्यांना. आपण मधेच जाऊन बंद करू."

कदाचित आयुष्यभराच्या सवयीनं काकांनी तेही केलं असतं. पण त्यांची नजर गादीवर गेली. बाळानं दुपट्यातून एक हात बाहेर काढला होता आणि ते मुठीत काहीतरी पकडत होतं, जिथं काहीच नव्हतं. जावईबापू वाकून गॅसचा कॉक शोधत होते.

"जावईबापू," काका म्हणाले. "हीटर लावायचा नाही."

"का हो?"

"गॅस संपलाय," काकू घाईघाईनं म्हणाल्या.

"आई, गॅस पाइपनं येतो," लेक म्हणाली.

"खराब आहे तो," काका म्हणाले.

"कधीपासून?" जावईबापूंचा हात कॉकवरच होता.

काकांनी पुढे होऊन तो हात मनगटाला धरून बाजूला केला. जावयाच्या अंगाला त्यांनी याआधी कधी हात लावला नव्हता. "तुम्ही बसवलात तेव्हापासून," ते म्हणाले. "धूर घरात येतो. माणूस मरेल त्यानं. ही पोर मरेल." आणि त्यांनी फुलदाणी खाली उतरवली, रुमाल ओढून काढला.

लाल कागद सगळ्यांनी वाचला. जावईबापू आधी पांढरे पडले, मग लाल झाले, मग स्टुलावर बसले. काकूंनी पदर तोंडाला लावला. लेकीनं झडप घालून बाळाला उचललं आणि पहिल्यांदा ती रागावली ती बापावर. "बाबा, तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही 'उकडतंय' म्हणून सांगत बसलात?" मग नवऱ्याकडे वळली. "आणि तू! माणूस बोलव म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं!"

"जाळी तरी मी नीट बसवली होती," जावईबापू पुटपुटले. "हवा येत राहिली असती तर..."

तेव्हा काका गुडघ्यांवर बसले. त्यांनी खिशातली सुरी काढली आणि भिंतीवर एका जागी टोचून कापड फाडायला सुरुवात केली. त्यांची खळ पक्की, कापड सुटेना. जावईबापू वाकून बघायला आले. भिंतीच्या रंगाखालून दुमडलेली कड दिसली, कोपरे दिसले. "हे तुम्ही? अहो, काय सुबक..." ते म्हणाले आणि मध्येच थांबले.

"हो," काका म्हणाले. "हिच्या पायांना वारा लागायचा. तुम्हाला सांगायची भीड वाटली."

"मी दर वेळी विचारत होतो, बाबा."

"विचारत होता."

"खरं सांगू? मला शंका येत होती. भिंतीवर तो डाग दिसायचा. पण तुम्ही इतकं कौतुक करत होता, की म्हटलं मलाच उगीच वाटतंय."

काका सुरीनं पुन्हा कड खरवडायला लागले. "सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं," ते शेवटी म्हणाले.

"वाटलं असतं," जावईबापू म्हणाले. "दोन दिवस. फार तर चार."

जावयाचं चार दिवसांचं वाईट वाटणं वाचवायला काका सबंध घर पणाला लावून बसले होते. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी साधी, लहान पोराला वाटते तशी लाज. जावईबापूंनी त्यांच्या हातातली सुरी घेतली, दुसरा कोपरा पकडला, आणि दोघांनी मिळून ते कापड ओढलं. ते एकदाचं टरकन निघालं. जाळीतून गार वारा आत घुसला तो थेट दोघांच्या तोंडावर.

"बाबा," जावईबापू म्हणाले, "मला जाम थंडी वाजतेय. आल्यापासून वाजतेय."

"मलाही," काका म्हणाले. "कालपासून."

काकूंनी कपाट उघडलं आणि घरातले सगळे स्वेटर बाहेर काढले.